मावशींची गच्ची

कोणी काहीही मागितलं तरी मावशींचं उत्तर एकच असायचं, "होईल की." आमच्या अंबरनाथच्या सोसायटीत लग्न असो नाहीतर बाळंतपण, मावशी पदर खोचून हजर. बुद्धपौर्णिमेला विहारातली खीर त्यांच्याच हातची असायची. आम्ही मुली आपसात त्यांना 'होईल-की मावशी' म्हणायचो. ते त्यांच्या कानावर गेलं, तर म्हणाल्या, "बरंय की. माझ्या खऱ्या नावापेक्षा चांगलं."

त्या चौथ्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या यजमानांची, आमच्या काकांची, अख्खी नोकरी एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात गेली होती आणि छातीने दगा दिला होता. घरात त्यांचा जीव कोंडायचा. संध्याकाळ झाली की मावशी त्यांना हाताला धरून गच्चीवर न्यायच्या, खुर्चीत बसवायच्या आणि शेजारी भाजी निवडत बसायच्या. "इथे आलं की ह्यांचा चेहरा सुटतो," म्हणायच्या. काका डोंगरांकडे बघत सावकाश श्वास घ्यायचे.

घरोघरी मोबाइल आले आणि मागोमाग टॉवरवाले. आमच्या गच्चीसाठीही एका कंपनीचा माणूस आला. भाड्यातून इमारतीची गळती काढता येईल म्हणून सगळे खूश. माझे वडील सोसायटीचे सेक्रेटरी. वरच्या मजल्यावरच्यांची संमती लागणार होती, म्हणून ते मावशींकडे गेले. मीही सोबत होते.

"दादा, गच्ची बंद होणार ना?" मावशींनी विचारलं.

"कुलूप लागेल, ताई. वर मशीन असणार."

"मग नाही."

वडिलांना ती मस्करी वाटली. मावशींनी चहा केला, बिस्किटं पुढे ठेवली, पण सही दिली नाही.

एका घरासाठी सगळ्यांनी का थांबायचं, असं सभेत ठरलं. परवानगी मागाहून घेऊ म्हणत टॉवर उभा राहिला. वीज गेली की काकांच्या डोक्यावर टॉवरचा जनरेटर धडधडायचा आणि डिझेलचा धूर खिडकीतून आत यायचा. मावशी खिडकीला ओल्या चादरी लावायच्या. ज्यांच्या बाळांना त्यांनी न्हाऊमाखू घातलं, त्या बायका जिन्यात तोंड फिरवू लागल्या. मावशी तक्रार घेऊन नगरपालिकेत खेपा घालत राहिल्या. टॉवरचे नियम तेव्हा नवेच होते, चौकशीला वेळ लागत होता. वाटेत वडील भेटले की म्हणायच्या, "दादा, माझं भांडण तुमच्याशी नाही हो. जेवायला या." वडील गेले नाहीत.

त्या उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं. एका दुपारी काका खिडकीशी बसल्या बसल्या गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी नगरपालिकेचा निकाल लागला. संमती नाही, परवानगी नाही, टॉवर उतरवा. लोखंडाचा एकेक तुकडा खाली आला. संध्याकाळी कुलूप निघालं, तसे वडील स्वतः मावशींच्या दारात गेले.

"ताई, गच्ची उघडली. चला वर."

मावशी उठल्या, सवयीने काकांच्या रिकाम्या खाटेकडे वळल्या आणि थांबल्या.

"दादा, आता वर कोणाला घेऊन जाऊ?"

वडील उंबऱ्यावरच बसले आणि लहान मुलासारखे रडले. मावशींनीच त्यांना पाणी आणून दिलं.

पुढे त्या बदलापूरला बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या. वडिलांनी त्यांचं सामान स्वतः टेम्पोत चढवलं. त्यानंतरही ते बरीच वर्षं सेक्रेटरी होते, पण पाण्याची टाकी बघायची असली तरी दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचे. गच्चीवर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही.