शैलाचा हेल्पर

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सातपूरच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटर रूममध्ये होते. प्रिंटरवर स्टोअरमधल्या मालाची यादी छापली जात होती. टेलिफोन ऑपरेटरनं फोन जोडून दिला, पलीकडे शैलाचे यजमान प्रभाकरराव होते. "नलूताई, शैला गेली," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि प्रिंटर थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले. कागद फाडले, घडी घालून साहेबांच्या टेबलावर ठेवले, मग बाहेर येऊन चपला घातल्या. सगळे म्हणतात, तुला धक्का बसला. धक्क्यानं माणूस निदान हलतं... मी हललेच नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अजून मला धड रडूही आलेलं नाही, याची लाज वाटते.

आम्ही दोघी सत्तरच्या दशकात पुण्याला एकत्रच कार्डांना भोकं पाडत प्रोग्रॅम लिहायला शिकलो आणि लग्न होऊन दोघी नाशकात आलो. पुढे कारखान्यात कॉम्प्युटर आला, तसं आम्हालाही एकाच खोलीत बसवलं. धूळ नको म्हणून दाराशी चपला काढायच्या, आत गारेगार हवा. कामगार त्या खोलीला 'देऊळ' म्हणायचे. शैला यावर चिडायची. "देऊळ म्हटलं की माणूस चुकायला घाबरतं, नलू. आणि घाबरलं की हमखास चुकतं." ती होतीच तशी, कुठल्याही गोष्टीत आधी चुकणाऱ्याचा विचार करणारी. घरी पाहुण्यांना दिवा लावायला सांगायची आणि ते कोणतं बटण चुकून दाबतात ते बघत बसायची. मग त्या बटणावर चिकटपट्टी.

तिच्या या स्वभावाला खरं काम मिळालं ते गोविंदराव आहेरांमुळे. गोविंदराव आमचे स्टोअरकीपर, मूळचे देवळा तालुक्यातले. उभा जन्म त्यांनी मालाची नोंद कार्डांवर ठेवली. शैलानं लिहिलेल्या नव्या प्रोग्रॅममध्ये त्यांना एक ओळ टाइप करायची असे: आधी काय करायचं तो शब्द, मग पार्टचा नंबर. एक बाद झालेलं बेअरिंग नोंदीतून काढायचं होतं. साहेब मागे उभे. गोविंदरावांनी 'काढा' अशा अर्थाचा शब्द टाइप केला आणि घाईत नंबर न लिहिताच बटण दाबलं. नंबर नाही म्हणजे सगळेच, असा अर्थ प्रोग्रॅमनं लावला आणि झाडून साऱ्या बेअरिंगांची नोंद पुसून टाकली! जुनी कार्डं होती म्हणून ती पुन्हा भरता आली. पण निवृत्तीला आलेल्या त्या माणसाला आयुष्यातला पहिला मेमो मिळाला आणि त्यांना अंबडच्या गोदामात पाठवायची भाषा सुरू झाली. दाराशी येऊन ते शैलाला म्हणाले, "ताई, माझ्यानं नाय व्हायचं हे. कार्ड हरवलं तर सापडतं तरी. हे यंत्र लय बेकार हाय."

शैला तडक साहेबांकडे गेली. "नंबर राहिला ही त्यांची चूक. पण राहिलेल्याचा अर्थ 'सगळे' असा लावला माझ्या प्रोग्रॅमनं. मेमो मला द्या." साहेब म्हणाले, "आधी पुन्हा असं होणार नाही हे दाखवा. मेमोचं मग बघू."

प्रोग्रॅम दुरुस्त करणं सोपं होतं. तो आता कुठल्याही चुकीच्या ओळीला नकार देतो, हे सिद्ध करणं कठीण होतं. कारण नकार दिला की तो तक्रार छापून बंद व्हायचा आणि त्याच्याबरोबर आमची तपासणीही बंद पडायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून शैलानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सातपूरला प्रत्येक फिटरच्या हाताखाली एक हेल्पर असतो, म्हणून याचंही नाव हेल्पर. तो मोठ्या प्रोग्रॅमला एकेक चुकीची ओळ भरवायचा, मोठा प्रोग्रॅम बंद पडताना काय बोलला ते पकडायचा आणि स्वतः न थांबता पुढच्या ओळीकडे जायचा. मी पडद्यावरचं मोठ्यानं वाचायचे. शैला शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायची. "काय म्हणाला?" मी वाचायचे. "आत काही हललं?" मी नोंद बघून "नाही" म्हणायचे. "हं. पुढचं."

चुका मात्र आमच्या लवकरच संपल्या. शहाण्या माणसांना चुका सुचत नाहीत, असं म्हणून ती गोविंदरावांकडे गेली. "काका, मला चुका द्या." ते आधी दचकले, मग त्यांना त्याची गोडीच लागली. बसमध्ये विचार करत यायचे आणि दारातूनच सांगायचे, "ताई, आज नवी चूक आणलीय. नंबर आधी अन् शब्द मागनं!" गावाकडून आणलेले कांदे आणि चुका, दोन्ही ते सारख्याच प्रेमानं द्यायचे.

साहेबांसमोर पुन्हा बसायची वेळ आली, तेव्हा टाइप करायला शैलानं गोविंदरावांनाच बसवलं. व्हायचं तेच झालं. नंबर पुन्हा राहिला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत शैलाचं मराठी उमटलं आणि गोविंदरावांनी ते अडखळत वाचलं : "पार्टचा नंबर राहिला. काही पुसलेलं नाही." साहेब हसले. मेमो परत घेतला गेला. गोविंदराव स्टोअरमध्येच राहिले, अजून आहेत.

शैलाचा ताप मेंदूत गेला आणि तिनं मोजून आठवडाभरही कुणाला दिला नाही. मी एकदाच भेटले, तेव्हा ती झोपेत होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. मी प्रभाकररावांना विचारलं, "शेवटी काय म्हणाली?" असं विचारू नये, कळत होतं. पण मला तिनंच सवय लावली होती. ते आठवून म्हणाले, "काही नाही हो. पाणी नको म्हणाली." मी "हं" म्हणाले. त्यानंतरचा 'पुढचं' हा शब्द तोंडातून येईना.

परवा गोविंदराव कॉम्प्युटर रूमच्या दाराशी आले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, "ताई, शैलाताईंसाठी एक चूक ठेवली व्हती. त्या आजारी पडल्या, राहूनच गेली." मी त्यांना आत बोलावलं. शैलाची खुर्ची तिथंच आहे, तिच्यात ते बसले नाहीत. त्यांनी सांगितलेली ओळ मी हेल्परला इतर चुकांच्या अगोदर भरवायला दिली आणि तो सुरू केला. उत्तर आलं. सवयीनं मी मोठ्यानं वाचलं : "हा शब्द कळला नाही. काही पुसलेलं नाही." आणि वाचून थांबले, शेजारून आवाज यायची वाट बघत.

गोविंदरावांनी डोळ्यांना टोपी लावली. हेल्पर मात्र कुणासाठी थांबत नाही, तिनं त्याला तसाच लिहिलाय. पडद्यावर पुढची चूक येऊन उभी होती. माझा आवाज फुटत होता, तरी मी ती वाचली.