सूर्यमाळची ड्युटी आणि पैलवानांचे पत्ते

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. मोखाड्यात शेवटची जीप गेली की माणूस अडकला, आणि अडकलेली चार माणसं एका खोलीत राहिली की किस्से आपोआप साठतात. आमचे साठले पैलवानांच्या पत्त्यांवर. हो, तेच! बबलगमच्या पाकिटातून निघायचे ते.

आम्ही चौघं म्हणजे गणिताचे दाभाडे सर, शाळेचे क्लार्क वाघ भाऊसाहेब, साखरशेतचे भोये गुरुजी आणि मी. पत्त्यावर पैलवानाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, लढती. ज्याची पाळी, त्याने वरचा पत्ता बघून 'वजन' म्हणायचं, सगळ्यांनी आपापला वरचा पत्ता उघडायचा. ज्याचं वजन जास्त, तो सगळे घेणार आणि पुढची पाळीही त्याचीच. एरवी पत्ते एकमेकांत बदलून आपली गड्डी तगडी करत बसायचं. पोरांचाच खेळ, पण आम्ही तो पगारी माणसांच्या गांभीर्याने खेळायचो.

त्या वर्षी वरून फर्मान आलं. मे महिनाभर सूर्यमाळच्या पाड्यांवर सर्वेक्षणाला एक माणूस द्या, नाव तुम्हीच ठरवा. सूर्यमाळ, तेही मे महिन्यात, प्यायच्या पाण्याची बोंब असताना! माझी मुलगी मार्चमध्ये नाशिकला, बायकोच्या माहेरी जन्मली होती. परीक्षांमुळे मी तिला अजून पाहिलंही नव्हतं. मे महिन्याचीच वाट बघत होतो.

नाव पत्त्यांवर ठरवायचं असा ठराव झाला. सूचक दाभाडे, अनुमोदक मी. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

* * *

दाभाडे सरांनी गड्डी वाढवायला बबलगमचा अख्खा बॉक्स आणला. पत्ते ठेवून घेतले आणि गम वर्गात वाटून टाकलं. नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी सतराचा पाढा विचारला. चाळीस तोंडं चिकटलेली, एकही उघडेना. केंद्रप्रमुख दोन मिनिटं उभे राहिले, चकित झाले आणि शेरेबुकात लिहून गेले, "वर्गात शिस्त उत्तम."

तो शेरा दाभाडे सरांनी पुढे बढतीच्या अर्जाला जोडला.

* * *

भाऊसाहेबांना भीती होती की आपले चांगले पत्ते कोणीतरी लांबवेल. म्हणून त्यांनी सगळ्यात भारी सहा पत्त्यांच्या पाठीवर शाळेचा गोल शिक्का मारला, डेडस्टॉकच्या खुर्चीवर नंबर टाकतात तसा.

आता त्यांच्या गड्डीवर शिक्का दिसला की समोर दांडगा पैलवान आहे हे आंधळ्यालाही कळायचं. मग आम्ही वजनाचं नावच काढायचो नाही, लढती मागायचो. बिनशिक्क्याचा पत्ता दिसला की बेधडक वजन! तीन आठवडे भाऊसाहेब हरत होते आणि साडेसातीला दोष देत होते. आम्ही हळहळायचो, पण सांगत नव्हतो.

शेवटी भोये गुरुजींना राहवलं नाही आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी चौघांच्याही सगळ्या पत्त्यांवर शिक्के मारले, वर 'सत्यप्रत' लिहून सही ठोकली.

* * *

दाभाडे सर मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले की आपण दोघं एक होऊ, बाकीच्यांना संपवू. मी खूश. जव्हारहून येताना जीपमध्ये मी हे भाऊसाहेबांपासून लपवत होतो आणि भाऊसाहेब माझ्यापासून. मागच्या सीटवरून भोये गुरुजी सहज म्हणाले, "माला पन तेच सांगला त्यांनी."

दाभाडे सरांना आम्ही जाब विचारला, तर ते म्हणाले की याला स्ट्रॅटेजी म्हणतात. आणि लगेच नवी मांडली. त्या वेळी भोये गुरुजी आमच्या सगळ्यांचं पाणी भरायला बाहेर गेले होते. दाभाडे म्हणाले, तिघांनी मिळून भोयेंना पाडू, ते इथलेच, त्यांना काय फरक पडतो! मे महिन्यात भोये गुरुजींना साखरशेतला भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे असतात, घर शाकारायचं असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी मान डोलावली. आजही ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

* * *

निकालाचा दिवस. नियम असा की तासाभराने ज्या दोघांकडे सगळ्यात कमी पत्ते राहतील, त्यांनी शेवटी एक-एक पत्ता खेळायचा आणि हरेल तो सूर्यमाळला. आमच्या तिघांच्या युतीने भोयेंना झोडपलं. पण भाऊसाहेब आणि दाभाडे सरांनी जाता जाता मलाही कापलं. शेवटी समोरासमोर राहिलो भोये गुरुजी आणि मी. पाळी त्यांची.

माझा पत्ता पालथा होता, पण त्याचा कोपरा फाटलेला, त्यामुळे तो कोणता हे चौघांनाही पाठ होतं. एक वाळकुडा म्हातारा पैलवान. उंची नाही, वजन नाही, छाती नाही. फक्त लढती अख्ख्या गड्डीत सगळ्यात जास्त.

भोये गुरुजींनी आपला पत्ता बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"पोरीचा नाव काय ठेवला, सर?"

मी म्हटलं, अजून ठेवायचंय, मी गेल्यावर.

"लढती," भोये गुरुजी म्हणाले.

पत्ते उघडले. त्यांच्याकडे सव्वादोनशे किलोचा राक्षस होता, सात फूट उंच, लढती जेमतेम चाळीस.

दाभाडे सरांनी कपाळावर हात मारला. मग अर्धा तास त्यांनी भोये गुरुजींना कागदावर आकृती काढून समजावलं की वजन म्हणायला हवं होतं, उंची चालली असती, छातीसुद्धा चालली असती, आणि इतकी वर्षं खेळून तुम्हाला एवढं साधं कसं कळत नाही. भोये गुरुजी प्रत्येक मुद्द्याला "हां सर" म्हणत होते.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सूर्यमाळची जीप सकाळी कितीला सुटते?"