पान्यांची रांग

कारखान्याच्या मुंबई ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी आमच्या कॉम्प्युटरच्या बाईंना फसवलं. मला कोणी फसवलं नाही. मला फसवायला आलेले बरेच जण नुसता चहा पिऊन परत गेले आहेत. पण ज्या बाईंनी माझं आणि कारखान्याचं दोघांचं भलं केलं, त्यांना दिलेला शब्द साहेबांनी मोडला, आणि तो शब्द दिला तेव्हा मी तिथे उभा होतो. म्हणून हे लिहितो.

मी कळंबच्या बाजूचा. घरची भातशेती थोडी, भाऊ जास्त. बैलगाडीतून गवत वाहण्यापासून मी सुरुवात केली. रसायनीला पाताळगंगेच्या काठी एकेक कारखाना उभा राहायला लागला तेव्हा एक जुना ट्रक घेतला. तो चालवलाही मीच आणि त्याच्याखाली झोपून दुरुस्तही मीच केला. ऐंशीच्या सुमाराला माझ्या ट्रकांची एक रांग झाली होती आणि एका मोठ्या रसायन कारखान्याचा कच्चा माल मुंबई बंदरातून आणायचं काम माझ्याकडे होतं. भाव ठरवताना मी टेबलावर हात आपटतो, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्याची मला लाज वाटत नाही. हळू बोलणाऱ्याला त्या टेबलावर कोणी खुर्ची दिली नसती.

त्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. शेडमध्ये कामगार घामाने निथळायचे आणि कॉम्प्युटरला थंड हवेची खोली, काचेची भिंत, दारात चपला काढायचा नियम. मुंबईच्या कुठल्याशा सल्लागार कंपनीची टायवाली माणसं आली, काही महिने राहिली, यंत्र सुरू करून निघून गेली. त्यांच्यापैकी एकालाही मी गेटवर उभं राहिलेलं पाहिलं नाही. त्यांच्या गाड्या थेट आत जायच्या.

मग एक दिवस खरेदीच्या मॅनेजरने मला बोलावलं आणि कडेला भोकं असलेला रुंद कागद समोर पसरला. माझे ट्रक सगळ्यांत सावकाश, असं त्यावर छापलं होतं. बंदरातून निघालेली गाडी कारखान्यात पोचायला दिवस लावते.

"माझे ड्रायव्हर काय ट्रक ढकलत आणतात काय?" मी विचारलं.

"मला माहीत नाही, शेठ. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. हे असंच राहिलं तर पुढच्या करारात तुमचं नाव नसेल."

म्हणजे इतक्या वर्षांचं उभं केलेलं काम एका कागदावर जाणार होतं. मी तडक त्या थंड खोलीत घुसलो, चपलांसकट. आत एक बाई बसल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, साधी सुती साडी. मी म्हटलं, "हे यंत्र कोणाच्या बापाचं आहे?"

"कंपनीच्या," त्या म्हणाल्या. "बसा. चपला राहू द्या आता, आलाच आहात आत."

या बाई आपल्याच भागातल्या. गाव खालापूरकडचं, छप्पन साली बौद्ध झालेलं घर. वडील भिवपुरीच्या वीजकेंद्रात नोकरीला. तिथे दर तासाला मीटरचे काटे बघून आकडे लिहायचे असत. तिथल्या क्वार्टर्समध्ये शिकून पुढे मुंबईला त्यांनी संख्याशास्त्राची पदवी घेतली होती. सल्लागार मंडळी गेल्यावर ते यंत्र सांभाळायला त्यांना नेमलं होतं. पद कच्चं होतं, कधीही काढता येईल असं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की ही बाई माझ्या आवाजाला घाबरत नाही.

"तुमची गाडी बंदरातून सुटल्याची वेळ पावतीवर असते," त्या म्हणाल्या. "इथे पोचल्याची वेळ कोण लिहितं?"

"मला काय विचारता? यंत्राला विचारा."

"यंत्राला मी सांगते. मला कोण सांगतं, ते बघायचंय. चला गेटवर."

उन्हातून चालत आम्ही गेटवर गेलो. वॉचमन साताऱ्याकडचा, फौजेतून आलेला, मिशीवाला. बाईंनी विचारलं तसा तो ताठ उभा राहिला. "बाईसाहेब, गेट उघडलं की गाडी आली. त्याच्या आधी ती कंपनीच्या हद्दीत न्हाई. मग मी ती आली असं कसं लिहू?"

त्याचं बरोबर होतं. त्याला कोणी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. गाडी सकाळपासून बाहेर उभी असली तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती अजून रस्त्यावर धावत होती.

"मग बाहेर कोण आधी आलं, हे कसं ठरतं?" बाईंनी विचारलं.

वॉचमनने समोरच्या चहाच्या टपरीकडे बोट केलं. टपरीच्या फळीवर नट आवळायचे पाने एका ओळीत मांडलेले होते. कोणाचा गंजलेला, कोणाचा तेलकट, एकाच्या मुठीला लाल चिंधी. ड्रायव्हर आला की आपला पाना ओळीच्या शेवटी ठेवायचा आणि नदीवर आंघोळीला नाही तर गाडीखाली झोपायला जायचा. पुढची गाडी आत गेली की तिचा पाना उचलला जायचा. ही रांग मी रोज बघत होतो, माझेच ड्रायव्हर त्यात पाने ठेवत होते. तिच्यातून कारखान्याला काही कळेल, असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाईंनी लाल चिंधीवाला पाना उचलायला हात पुढे केला.

"बाय, हात नका लावू," माझा एक ड्रायव्हर बाकावरून ओरडला. "नंबर हाय माजा त्यो."

टपरीवाल्या मावशी हसल्या. "पाना सरकला तर इथं डोकी फुटतील गं बाय. पोलिसानं सरकवला व्हता एकदा, त्येला बी ऐकावं लागलं."

बाईंनी हात मागे घेतला आणि बाकावर बसल्या. पुढचे कितीतरी दिवस त्या रोज तिथे बसायच्या. चहा प्यायच्या, बघायच्या, क्वचित काही विचारायच्या. मॅनेजर चिडला. लाखांचं यंत्र खोलीत गार होतंय आणि बाई टपरीवर बसल्यात, असं म्हणायचा. त्याला एकदम सगळं यंत्रावर चढवायचं होतं, गोदाम, कँटीन, पगार, बागेचा माळीसुद्धा. बाई म्हणाल्या, "आधी एकच प्रश्न. गाडी का थांबते? तो सुटला आणि लोकांनी त्याचं उत्तर रोज वापरलं, की दुसरा घेऊ."

नंतर त्यांनी जे केलं, त्याचं मला आजही नवल वाटतं. दुसरा कोणी असता तर पान्यांची रांग अडाणीपणा म्हणून मोडून टाकली असती आणि छापील फॉर्म काढला असता. बाईंनी ती तशीच ठेवली. कामगारांच्या हजेरीचं, कार्डावर वेळ उमटवणारं एक जुनं यंत्र गोदामात पडलं होतं, ते टपरीच्या भिंतीवर लावलं. ड्रायव्हरने नेहमीसारखा पाना ठेवायचा आणि शेजारच्या यंत्रात आपलं कार्ड दाबायचं. बस्स.

ड्रायव्हर बिथरले. लाल चिंधीवाला मला म्हणाला, "शेट, ह्ये भूत आमच्या मागं लावलंय. उद्या म्हणाल, तू झोपला व्हतास, पगार काप."

बाईंनी मला बाजूला घेतलं. "या कार्डावरून तुम्ही कोणाचा पगार कापणार नाही, असं त्यांच्यासमोर सांगा."

"बदल्यात मला काय मिळेल?"

"खरी वेळ."

"ती घेऊन मी काय करू? भाजी करू?"

"शेठ, तुमचं काम जातंय ते खोट्या वेळेमुळे. खरी वेळ तुम्हाला फुकट मिळते आहे, तरी तुम्ही घासाघीस करताय."

टपरीवरचे सगळे हसले. मी शब्द दिला, आणि पाळला. एका ड्रायव्हरने पनवेललाच अडकलेल्या मित्रासाठी आधीच पाना ठेवून बघितला, तेव्हा मावशीच म्हणाल्या, "पाना ठेवशील रं, त्येचं कार्ड कोन दाबंल?" तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. रस्त्यात माझ्या गाड्या इतरांसारख्याच होत्या. वेळ जात होता गेटबाहेर, आणि गेट उघडत नव्हतं प्रयोगशाळेमुळे. माझ्या गाड्यांत येणाऱ्या मालाचा नमुना आधी तपासायचा आणि मगच गाडी आत घ्यायची, असा नियम होता. पण नमुना घेणारा माणूस दिवसातून ठरलेल्या वेळीच गेटवर यायचा. त्याच्या फेरीनंतर आलेली गाडी पुढच्या फेरीपर्यंत तशीच उभी.

मी म्हटलं, "तो कागद मला द्या. आता त्या मॅनेजरच्या टेबलावर आपटतो आणि गाड्या खोळंबल्याची भरपाई मागतो."

"नाही देणार."

माझा पारा चढला. माझ्यावर आळ आला तेव्हा कागद माझ्यासमोर पसरला होता, मग आता का नाही, असं मी बरंच काही बोललो. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज हा आकडा भांडायला दिला, की उद्यापासून या कारखान्यात मला कोणी खरा आकडा सांगणार नाही. वॉचमन नाही, ड्रायव्हर नाही, प्रयोगशाळा तर नाहीच. मग राहील ते नुसतं थंड खोलीतलं यंत्र."

कागद घेऊन त्या पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे गेल्या. मॅनेजरच्या आधी. मी दाराबाहेर होतो, मला ऐकू येत होतं. "हे वर अजून कोणाला दाखवलेलं नाही. तुमच्याकडचं आहे, म्हणून तुमच्याकडे आधी आणलं." ते गृहस्थ पहिल्यांदा तापले. मग कागद उलटल्याचा आवाज आला. शेवटी म्हणाले, "आमचा माणूस टपरीवर बसवला तर? पाना पडला की नमुना." तोडगा त्यांचाच होता. त्यामुळे तो टिकला. सबंध आयुष्य सौदे करण्यात घालवलेल्या माणसाला असा सौदा करता आला नसता. समोरच्याला हरवल्याशिवाय मला सौदा झाल्यासारखा वाटत नाही. बाईंनी कोणालाच हरवलं नाही आणि गाड्या दुपारच्या आत रिकाम्या होऊन दुसऱ्या फेरीला निघायला लागल्या. माझा करार राहिला. मॅनेजर स्वतः सकाळी टपरीवर जाऊन कार्डं बघायला लागला. गोदामवाले येऊन म्हणाले, आमचंही काहीतरी काढा. माणसं यंत्राकडे आपल्या पायांनी जायला लागली, चपला काढून.

हे काम चाललेलं असतानाच मुंबईचे मोठे साहेब बघायला आले होते. टपरीसमोर उभं राहून, पान्यांच्या रांगेकडे बघत, ते सगळ्यांच्या देखत बाईंना म्हणाले, "तुम्ही हे जमवून दाखवा. जमलं तर हा कॉम्प्युटर विभाग तुमचा." बाईंचा चेहरा मला आठवतो. कच्च्या पदावर, महिन्यामहिन्याने मुदत वाढवून घेणाऱ्या त्या बाईंना विभाग म्हणजे काय होतं, हे मावशींनाही कळलं. त्यांनी साहेबांकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

सगळं जमलं. आणि विभागाचा प्रमुख म्हणून त्या टायवाल्यांपैकीच एक जण आला. साहेबांच्या ओळखीतला, असं कारखान्यात बोललं गेलं. बाईंना पगारपत्रकं तपासायला मागच्या ऑफिसात बसवलं. मी मॅनेजरला विचारलं, असं का? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वरून आलंय, शेठ. त्यांच्यात ते... व्यक्तिमत्त्व नाही, असं म्हणतात."

"व्यक्तिमत्त्व म्हणजे काय? आडनाव?"

त्याने समोरची फाइल उघडली.

नव्या माणसाला टपरीवर कंपनीचं यंत्र असणं शोभत नव्हतं. ते काढून केबिनमध्ये नेलं. गाडी आल्याची वेळ पुन्हा गेट उघडल्यावरच लिहिली जायला लागली. बाई निरोप घ्यायला टपरीवर आल्या तेव्हा मी म्हटलं, चला मुंबईला, मी टेबल आपटतो. त्या म्हणाल्या, "तुमचा हात दुखेल, शेठ." पुढे पगाराच्या ऑफिसातूनही त्या गेल्या. दुसऱ्या जिल्ह्यात कुठेतरी शिकवतात, असं ऐकलं. पाने मात्र फळीवर तसेच राहिले. ते कोणाच्या हुकमाने आलेच नव्हते.

ऐंशीचं दशक संपता संपता खोपोलीला कारखानदारांचा एक कार्यक्रम झाला. जुना वाहतूकदार म्हणून मलाही आमंत्रण होतं. निवृत्त झालेले साहेब व्यासपीठावर. विषय, कारखान्यात कॉम्प्युटर कसा रुजवला. ते म्हणाले, "आम्ही एका प्रश्नापासून सुरुवात केली. माणसांच्या सवयी मोडल्या नाहीत. ज्याचा आकडा, त्याला आधी दाखवला." शब्दन् शब्द बाईंचा. लोक वहीत उतरवून घेत होते, आणि घ्यायलाच हवं होतं, कारण ते खरं आहे. आजही कोणाला कारखान्यात यंत्र आणायचं असेल तर मी दुसरं काही सांगणार नाही.

मी उभा राहिलो. "हे ज्यांनी केलं त्या बाई कुठे आहेत?" साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. सूत्रसंचालकाने वेळ संपल्याचं सांगून आभार मानायला सुरुवात केली.

तिथे उत्तर मिळालं नाही, म्हणून इथे विचारतो. साहेब, टपरीसमोर दिलेला शब्द तुम्ही का मोडला? त्या बाईंमध्ये तुम्हाला काय कमी दिसलं, ते स्पष्ट शब्दांत सांगा. आणि त्यांचं काम स्वतःच्या नावावर सांगताना त्यांचा साधा उल्लेखही तुमच्या तोंडून का निघाला नाही? उत्तर मला नको, त्यांना द्या. त्यांचा पत्ता शोधा, जा, आणि समोर बसून द्या.