राजवाड्याच्या दाराशी काढलेले बूट

आता मी रोज ज्या राजवाड्यात जेवते, तिथे पहिल्यांदा गेले ती बाबांबरोबर, आणि मनात नकार जवळजवळ ठरवूनच.

आम्ही कार्डिफला राहतो. बाबा तिथल्या हॉस्पिटलमध्ये पोर्टर आहेत, पेशंटना ट्रॉलीवरून वॉर्डातून एक्सरेला आणि परत वॉर्डात नेतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. मला दोन ठिकाणांहून ऑफर आली होती. एक युनिव्हर्सिटी घरापासून बसने जाण्याजोगी होती. दुसरी पार उत्तरेकडच्या एका जुन्या शहरात, जिथे विद्यार्थी पूर्वीच्या बिशपांच्या राजवाड्यात राहतात. त्या आठवड्यात एकीला हो कळवायचं होतं. राजवाडा दाखवण्याचा दिवस असतो असं कळल्यावर बाबा म्हणाले, "नको म्हणायचं असेल तर बघून ये आणि मग म्हण. चल, मीही येतो."

ट्रेन बदलत आम्ही दुपारी पोचलो. बाबांनी नागपूरच्या एका लग्नात घातलेला सूट घातला होता. नदी टेकडीला वळसा घालून जाते आणि राजवाडा वर आहे. चढताना बाबांनी मान वर करून ती भिंत नीट पाहून घेतली.

"एवढ्या मोठ्या घराला झाडू मारतं कोण?"

"असतील माणसं."

"असतीलच. ती भेटली तर बरं, खरी माहिती तीच देतील."

आम्हाला फिरवायला तिथली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. बरोबर आणखी पाच-सहा कुटुंबं. बाकीचे तिला विचारत होते: रोइंगची टीम कशी आहे, विद्यार्थ्यांचे काळे गाऊन घालून औपचारिक जेवण आठवड्यात किती वेळा असतं. मला एकच गोष्ट विचारायची होती, जेवायला कुठे बसायचं हे आपल्याला कसं कळतं. पण तो प्रश्न त्या दगडी चौकात मला फारच लहान वाटला. मग काळ्या लाकडाचा एक जिना आला, शतकानुशतकांच्या वजनाने एका बाजूला कललेला. सगळे बिनधास्त मधून चढले. मी भिंतीला धरून चढले आणि प्रत्येक पायरीवर घराजवळच्या युनिव्हर्सिटीची बस आठवत होते.

मोठ्या हॉलच्या दाराशी ती मुलगी म्हणाली, "आतली टेबलं आवरून झाली का बघते, दोन मिनिटं थांबा." ती आत गेली. उघड्या दारातून उंच छत, भिंतीवरची चित्रं आणि लांबलचक बाकं दिसत होती. मी ते बघत होते, आणि शेजारी बाबा खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"बाबा, काय करताय?"

"आत जायचंय ना?"

"इथे काढत नाहीत."

"तुला कोणी सांगितलं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. बाबा गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. तिथे चपला वर्गाबाहेर ओळीने लावून आत जायचं. त्यानंतर शिकायच्या जागी ते माझ्या शाळेतल्या पालकसभा सोडल्या तर गेलेच नव्हते. त्यांनी बूट भिंतीला टेकवून सरळ ठेवले. त्यांना एकट्याला मोज्यांवर उभं राहू देणं मला जमेना, म्हणून मीही काढले.

मग मागून खरखर ऐकू आली. आमच्या मागचा धिप्पाड माणूस एका पायावर तोल सांभाळत बूट ओढत होता. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्याच्या मुलाने आधी त्याच्याकडे, मग आमच्याकडे पाहिलं आणि आपलेही काढले. रोइंगचं विचारणाऱ्या बाईंनी उंच टाचांच्या चपला हातात घेतल्या. ती मुलगी परत आली तेव्हा दाराबाहेर बुटांची रांग लागली होती.

"कोणी काढायला सांगितलं का?" तिने विचारलं.

तो माणूस बाबांकडे बोट करून म्हणाला, "या साहेबांनी काढले. म्हटलं, यांना इथली रीत माहीत असणार."

"मला?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझ्या मुलीला माहीत नाही म्हणून आपणच करून दाखवावं."

कोणीतरी हसलं, मग सगळेच. ती मुलगी म्हणाली, "मी आले तेव्हा मला वाटलं होतं इथे हळूच बोलायचं असतं. आठवडाभर कुजबुजत होते. शेवटी एकाने विचारलं, घसा बसलाय का."

बूट परत घालायची कोणी घाई केली नाही. तसेच आत गेलो. फरशी बर्फासारखी गार होती. आल्यापासून मला वाटत होतं की इथले नियम माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहेत. आता सगळे मोज्यांवर चालत होते. मी त्या मुलीजवळ जाऊन विचारलं, "जेवायला कुठे बसायचं असतं?"

"ते समोरचं उंचावरचं प्राध्यापकांचं टेबल सोडून कुठेही. जागा दिसली की बसायचं."

बाबा एका बाकाच्या टोकाला बसून पाहत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी डबा उघडला, अर्धा पराठा मला दिला आणि खिडकीकडे बघत विचारलं, "मग?"

"तिथेच जावं म्हणते."

त्यांनी उरलेला पराठा संपवून डब्याला झाकण लावलं.

"जाड मोजे घ्यावे लागतील," ते म्हणाले.