चेस्टरच्या टाळ्या

अमेरिकेतल्या टोलेडोच्या स्टेडियममध्ये चेस्टर पकुल्स्कीच्या टाळ्या प्रसिद्ध होत्या. काचेच्या कारखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाचे तळवे ते. एकमेकांवर आपटले की माळ्यावरून फळी पडल्यासारखा आवाज व्हायचा आणि पुढच्या रांगेतली माणसं कासवासारखी मान आत ओढून घ्यायची. गावात एकेकाळी सगळे काचेचंच काम करायचे. आता बरेचसे कारखाने बंद पडलेत, पण बास्केटबॉलची टीम अजून 'काचवाले' हेच नाव छातीवर मिरवते आणि नावाला जागून हमखास तडकते.

चेस्टरनं लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायचा, "शिफ्ट जमली नाही." जवळचं माणूस म्हणजे धाकटी बहीण आयरीन आणि तिच्याबरोबर आलेला नवरा नॉर्बर्ट. नॉर्बर्ट पोस्टमन होता. गावातल्या प्रत्येक कुत्र्याला तो नावानं ओळखायचा आणि प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत असायचं. रविवारी हे दोघे जेवायच्या आधीच आयरीनच्या स्वयंपाकघरात घुसून भांड्यांवरची झाकणं उचलायचे. शेवटी कंटाळून एका नाताळला तिनं दोघांच्या हातात अख्ख्या मोसमाची दोन तिकिटं ठेवली. "जा," म्हणाली, "आणि काचवाले जिंकल्याशिवाय घरी येऊ नका." काचवाल्यांचा खेळ पाहता हा फार धूर्त हुकूम होता.

तेव्हापासून दोघे शेजारी-शेजारी बसत आले. रांग तीच, खुर्च्या त्याच. आयरीन चार वर्षांपूर्वी गेली. त्या आठवड्यातल्या सामन्यालाही दोघे काळे सूट घालून येऊन बसले होते, कारण घरी बसून करणार काय?

मग मागच्या उन्हाळ्यात टीमला नवा मालक मिळाला. त्यानं एकामागून एक चांगले खेळाडू विकले आणि याला 'पुनर्बांधणी' असं भारदस्त नाव दिलं. हिशेब सोपा होता. दरवर्षी लीगमध्ये नवी पोरं येतात. त्यांतलं सगळ्यात चांगलं पोर कोणी उचलायचं ते लॉटरीवर ठरतं, आणि जी टीम तळाला, तिला लॉटरीत सगळ्यात जास्त संधी. तेव्हा उद्या वर जायचं असेल तर आज मन लावून खाली जा. यंदा तर नेब्रास्कात सात फुटी हिरा तयार होत होता, आणि अर्ध्या लीगचे मालक त्याच्यासाठी हरण्याच्या शर्यतीत उतरले होते.

खेळाडू मुद्दाम हरत नाहीत, हे चेस्टरला ठाऊक होतं. मालकानं मैदानात अशी माणसं सोडायची, की त्यांनी जीव तोडून खेळावं आणि तरीही हरावं. चेस्टरला नेमकं हेच बोचायचं.

नॉर्बर्टला मात्र मालकाचं म्हणणं एका रात्रीत पटलं. नोव्हेंबरातल्या एका सामन्यात काचवाले चुकून जिंकले. चेस्टर उठून फळ्या आपटायला लागला, तर नॉर्बर्टनं त्याची बाही ओढली.

"खाली बस! टाळ्या कसल्या वाजवतोस? दरोडा पडलाय आपल्यावर!"

"नॉर्बर्ट, आपण जिंकलोय."

"तेच म्हणतोय मी! अरे, तो नेब्रास्कावाला दारातून येताना वाकतो. वाकतो! आणि तू या लंगड्या विजयासाठी त्याला घालवायला निघालास?"

"तो येईल तेव्हा त्याच्यासाठीही वाजवीन."

"येणारच नाही तो! गेली कित्येक वर्षं आपण मधेच लटकतोय. ना वर, ना खाली. मधे राहून कोणाचं भलं झालंय, सांग."

"मी जन्मभर मधेच राहिलो," चेस्टर म्हणाला.

"म्हणून तर सांगतोय!"

हे जरा जास्तच झालं. चेस्टर बसला. मग म्हणाला, "मी एकाहत्तर वर्षांचा आहे. तुझी पुनर्बांधणी होईपर्यंत माझीच पडझड होईल. मला आज जिंकलेलं चालेल."

"स्वार्थी आहेस तू," नॉर्बर्ट म्हणाला, टोपी उचलली आणि निघाला. पुढच्या सामन्याला तो त्यांच्या रांगेत आलाच नाही. वर, छताला टेकलेल्या स्वस्त रांगांत 'तळवाले' नावाचा एक कंपू जमायला लागला होता. डोक्यावर कागदी पिशव्या घालून ते बसायचे आणि काचवाल्यांच्या प्रत्येक चुकीला जल्लोष करायचे. त्या पिशव्यांत एका पिशवीची भोकं डोळ्यांच्या जागी नव्हती. नॉर्बर्टला लहानपणापासून कात्री धरता येत नसे.

त्या दिवसापासून चेस्टर शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवू लागला. दारावर तिकिटं तपासणारी बर्नडीन थट्टा करायची, "काय चेस्टर, कोटाला आवडतोय का खेळ?"

"फार बोलत नाही तो."

"मग नॉर्बर्टपेक्षा बराच म्हणायचा!" ती हसायची आणि चेस्टरही हसायचा. मग तो जाऊन बसायचा. समोर एखादा पोरगा फार सुरेख चेंडू चोरायचा, आणि चेस्टर "बघितलंस?" म्हणून डावीकडे वळायचा. डावीकडे कोट असायचा. हे हिवाळाभर चाललं. कोटाचा दोष काहीच नव्हता, पण शेवटी-शेवटी चेस्टर त्याच्यावर चिडायला लागला होता.

टाळ्याही बदलल्या. पूर्वी त्याच्या एका टाळीमागे शंभरांची साथ यायची. आता आजूबाजूचे लोक मागे वळून, चर्चमध्ये कोणाचा फोन वाजल्यासारखं बघायचे. एका भल्या गृहस्थानं तर हळूच विचारलं, "काका, तुम्ही पाहुण्यांच्या टीमचे का?"

एप्रिल आला तेव्हा काचवाले सगळ्यात तळाला होते, पण त्यांच्या वरची टीम जेमतेम एकच पायरी वर होती. शेवटचा सामना झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, दुपारी. हरले तर तळ पक्का. जिंकले तर एवढा मोसम झिजून मिळवलेला शेवटचा नंबर हातचा जाणार. सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी चेस्टरचा फोन वाजला.

"ईस्टरला काय करतोयस?" कुठलीही प्रस्तावना न करता नॉर्बर्टनं विचारलं.

चेस्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. आयरीन असल्यापासून ईस्टरची न्याहारी नॉर्बर्टकडेच ठरलेली. चर्चमधून आशीर्वाद घेऊन आलेलं अंडं कापून वाटायचं, मग डुकराचं हॅम, तिखट मुळ्याचा ठेचा. यंदा बोलावणं येणार नाही असं धरून त्यानं स्वतःसाठी सुपाचा डबा आणून ठेवला होता.

"काही नाही," तो म्हणाला.

"मग ये. पण एक अट. या रविवारी वर आमच्यात येऊन बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत. एक दुपार, चेस्टर. मला त्या लोकांना सांगायचंय की माझ्या घरातलं माणूसही माझ्या बाजूला आहे. तू खाली बसून टाळ्या वाजवतोस आणि ते मला म्हणतात, तो बघ तुझा मेहुणा."

चेस्टरनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घरात कोणी नव्हतं. शेजारच्यातही नव्हतं.

"पिशवी घालणार नाही," तो म्हणाला.

"पिशवीचा आग्रह नाही."

रविवारी चेस्टर वरच्या रांगेत गेला. तळवाल्यांनी त्याचं मोठ्या प्रेमानं स्वागत केलं. कोणी शेंगदाणे दिले, कोणी खांद्यावर थोपटलं, एक पिशवी म्हणाली, "आलात बुवा शेवटी माणसांत!" चेस्टरनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. हातांवर भरवसा नव्हता.

मालकानं व्यवस्था चोख केली होती. थोडाफार खेळता येणाऱ्यांना 'गुडघा दुखतो' म्हणून कडेला बसवलं होतं आणि मैदानात तात्पुरत्या कराराची पोरं सोडली होती. त्यांतला एक डेल्विन ओग्लट्री, काटकुळा, कान मोठे. त्याचा करार आजच संपत होता. नेब्रास्काच्या हिऱ्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. उद्या सकाळी आपण कुठे असू, हेच त्याला माहीत नव्हतं. तो असा धावत होता, की जणू मागे कुत्रं लागलंय.

आणि पाहुण्यांची टीमही थकलेली निघाली. सामना रेंगाळत, ओढत, शेवटच्या मिनिटात येऊन पोचला तेव्हा फलकावर काचवाल्यांचे अठ्ठ्याण्णव आणि पाहुण्यांचे नव्याण्णव होते. चेंडू काचवाल्यांकडे.

तळवाले खूश. एका गुणानं, अब्रूनं हरणं, याहून सुंदर शेवट तो कोणता? पण इथे हेडविग आडवी आली.

हेडविगचं पिएरोगीचं दुकान लाग्रांज रस्त्यावर. बटाटा-चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वर लोण्यात परतलेला कांदा. तिचा जुना रिवाज होता. काचवाल्यांनी शंभर गुण केले की दुसऱ्या दिवशी तिकीट दाखवणाऱ्याला एक बशी फुकट. जिंकलात की हरलात, याचं हेडविगला सोयरसुतक नव्हतं. एरवी हरत्या सामन्यातही शेवटी लोक शंभरासाठी घसा फोडायचे, त्यात गैर काहीच नव्हतं. यंदा मात्र या पोरांच्या हातून शंभर जवळजवळ झालेच नव्हते. अख्खं गाव हिवाळाभर पिएरोगीला मुकलं होतं.

कुठूनतरी एक आवाज आला, "शंभर!"

मग दहा आले. मग अख्खं स्टेडियम पाय आपटत ओरडायला लागलं, "शंभर! शंभर!" तळवाल्यांनीही पिशव्या उपटून फेकल्या, कारण पिशवीतून एवढ्या मोठ्यानं ओरडता येत नाही. नॉर्बर्ट खुर्चीवर चढला. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही भूक होती, की चेस्टरला एकदम आयरीनचं स्वयंपाकघर आठवलं.

अठ्ठ्याण्णवाचे शंभर झाले की नव्याण्णववाले हरतात, ही पहिलीतली बेरीज हजारो माणसांत कोणालाही सुचली नाही. सुचली ती फक्त हातांवर बसलेल्या चेस्टरला. तो गप्प राहिला.

डेल्विननं एवढा जयघोष आयुष्यात स्वतःसाठी ऐकला नव्हता. तो क्षणभर थबकला, वर बघितलं, घुसला, दोघांच्या मधून उडी मारली आणि चेंडू सोडला. चेंडू जाळीच्या कड्यावर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि आत पडला. सामना संपल्याचा भोंगा वाजला.

छत उडून जाईल असा गजर झाला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. नॉर्बर्टनं एका अनोळखी बाईचा मुका घेतला. मग हळूहळू, एकेका माणसाची नजर फलकावर गेली. शंभर. नव्याण्णव. गजर विरत-विरत गेला. उकळत्या भाजीत गार पाणी ओतावं तसं स्टेडियम थंड झालं.

मैदानाच्या मधोमध डेल्विन ओग्लट्री दोन्ही हात वर करून उभा होता. आत्ताच तर हे सगळे ओरडत होते. आता गप्प का झाले, ते त्याला कळेना. त्यानं हात अर्धे खाली घेतले.

आणि त्या शांततेत फळी आपटली.

चेस्टरनं ठरवून काही केलं नाही. हात मुंग्या येऊन बधिर झाले होते, ते कधी बाहेर आले तेही त्याला समजलं नाही. तो उभा राहिला आणि वाजवत राहिला. खाली डेल्विननं आवाजाच्या दिशेनं मान वर केली, शोधलं, बहुधा सापडलं नाही, पण एक हात पुन्हा वर केला. मग खेळाडूंच्या बोगद्यातून आत गेला.

"चेस्टर!" नॉर्बर्ट खुर्चीवरून उतरत होता. चेहरा लाल. "शब्द दिला होतास तू!"

"तू शंभर शंभर ओरडत होतास."

"ते पिएरोगीसाठी! ते वेगळं!"

"त्या पोराला काय ठाऊक, तू कशासाठी ओरडतोयस?"

"त्या पोराचा काय संबंध?" नॉर्बर्टनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. भोवतीचे तळवाले चेस्टरकडे असे बघत होते, की जणू चेंडू त्यानंच आत टाकलाय. एकानं शेंगदाण्यांची पुडी परत मागितली. चेस्टरनं ती देऊन टाकली आणि एकटाच जिना उतरला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी संध्याकाळी फोन आला.

"हॅम मोठं आणलंय," नॉर्बर्ट म्हणाला. "फुकट घालवायचं नाही. ये. पण तो विषय काढायचा नाही. टीम नाही, लॉटरी नाही, काही नाही."

"नाही काढणार," चेस्टर म्हणाला, आणि त्याला इतकं हायसं वाटलं की फोन ठेवल्यावर त्यानं दोन सदरे इस्त्री केले.

सकाळी तो गेला. नॉर्बर्टनं टेबल नीट मांडलं होतं, टेबलक्लॉथच्या कोपऱ्यांत जरा सुरकुत्या होत्या एवढंच. अंडं कापून दोघांनी वाटून घेतलं. एकमेकांना चांगलं वर्ष चिंतलं. हॅम वाढलं.

"हवा बरी आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

"बरी आहे. वारा आहे थोडा."

"वारा आहे."

ठेचा इकडून तिकडे गेला. चेस्टरला नाकात झणका बसला, त्यानं डोळे पुसले. नॉर्बर्टनं पाणी पुढे केलं. चेस्टरनं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. मोसम आठवला, डेल्विन आठवला, आयरीन गेल्याच्या आठवड्यातला तो सामना आठवला. सगळं त्या विषयातच येत होतं. त्यानं घास घेतला.

"हिवाळ्याचे टायर काढलेस?" नॉर्बर्टनं विचारलं.

"काढले."

"मी पण काढले."

घड्याळाचा आवाज येत होता. नॉर्बर्टनं उठून दोन वेळा कॉफी तापवली. पाव छान झालाय असं चेस्टर म्हणाला, आणि नॉर्बर्टनं तो कुठून आणला ते जरा लांबवून सांगितलं, पण दुकान कोपऱ्यावरच असल्यानं फार लांबलं नाही. बशा धुताना दोघांनाही बरं वाटलं, कारण नळाचा आवाज होता.

निघताना नॉर्बर्ट दारापर्यंत आला. चेस्टरनं कोटाची बटणं लावली.

"पुढच्या मोसमात..." नॉर्बर्ट म्हणाला आणि थांबला.

"काय?"

नॉर्बर्टनं दाराच्या मुठीकडे बघितलं. "काही नाही. पुढच्या वर्षी ईस्टर लवकर येतोय म्हणे."

"हो का?" चेस्टर म्हणाला. "थंडी असेल मग."

"असेल."

चेस्टर गाडीत जाऊन बसला. नॉर्बर्टनं हात केला, त्यानंही केला. मग काच वर करून तो रिकाम्या रस्त्यानं घराकडे निघाला.