पंगतीत बसले, उठताच येईना

मंडळी, आज पाचोऱ्याजवळ आमच्या शेतात भरीत-पुरीची पंगत होती. मी मांडी घालून पोटभर जेवले आणि उठायला गेले, तर पाय जागचे हलेनात! परवापासून उठाबशा सुरू केल्यात, त्यानं मांड्या अशा भरून आल्यात की विचारू नका.

शेवटी जाऊबाईंनी हात धरून ओढलं. उठाबशांचं ऐकून खुर्चीवर जेवत बसलेले आमचे चुलत सासरे अहिराणीत म्हणाले, "पन्नाशीमा हाई बठ्ठं कसाले करस व माय?" पन्नाशीत हे सगळं कशाला, म्हणे! सगळे हसले.

मी म्हटलं, "नाना, पुढच्या वर्षीही खालीच बसून जेवायचंय, म्हणून."

खुर्च्यांवर बसलेली मंडळी ताटात बघत पुरी मोडू लागली.

आत्ता तेल चोळत बसलेय. दुखू दे, उद्या सकाळी उठाबशा होणारच.

तुमच्या पंगतीत अजून खाली कोण कोण बसतं, सांगा बरं.