सईच्या गोधडीचे उरलेले चौकोन

संजयला, म्हणजे माझ्या नवऱ्यालासुद्धा, हे ठाऊक नाही. गोष्ट त्याच्या आईची आहे, म्हणून त्याला सांगायचं राहून गेलं — राहून कसलं, मीच सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. माझं धाडस एवढंच.

आमच्याकडे पहिल्यांदा येणारी प्रत्येक बाई स्वयंपाकघरात रेंगाळते. कुकर उतरवायचं फडकं म्हणजे गोधडीचा एक जाड चौकोन. मिक्सरला चार चौकोनांची टोपी. "उरलेल्या तुकड्यांचं काय काय केलंय हो!" असं म्हणतात, मापं विचारतात. मी मापं सांगते. हे सगळं माझ्या सासूबाईंनी केलं, हेही सांगते. मुळात इतके चौकोन उरले कसे, हे कोणी विचारत नाही. मग मी तरी कशाला बोलेन?

मी सदाशिव पेठेतली. टोमणे मारायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, पण स्वतःची चूक कबूल करायची म्हटली की तोंडाला कुलूप. सासूबाई लोणी काळभोरच्या, जन्म शेतात गेलेला. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी ट्रंक उघडली आणि घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी बाहेर काढलं — सासऱ्यांचं धोतर, थोरल्या जाऊबाईंचं विटलेलं लुगडं, संजयची शाळेतली खाकी पँट. दुपारची कामं आवरली की वीतभर लांबीरुंदीचा एकेक चौकोन शिवायच्या. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला त्याच पुण्याला आमच्या फ्लॅटवर आल्या. येताना छोटी गोधडी तयार होती, आणि शिवाय बोचकंभर चौकोन.

"हे असू दे," मुलगी झाली तेव्हा म्हणाल्या. "पोरगी वाढंल तशी दर वाढदिसाला एक ओळ जोडीन मी. लगीन होईस्तवर पुरंल तिला."

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोन हजार साल उजाडायच्या आत जुने प्रोग्राम तपासायची धांदल चालली होती, जो तो अमेरिकेला जाऊन येत होता. सई दीड महिन्याची असताना ऑफिसातल्या चौघीजणी तिला बघायला येणार असं कळलं. त्यांनी आधीच तिकडचं एक मऊ पांघरूण पाठवलं होतं, अस्वलाच्या चित्राचं. मी पाळण्यात पाहिलं. खाकी पँट, धोतर, विटकं लुगडं. आणि मला लाज वाटली — दुसरं काही नाही, नुसती लाज. गोधडी मी कपाटात कोंबली.

पाहुण्या गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "गोधडी कुठं हाय गं?"

किती साधा प्रश्न! धुवायला टाकली म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग दोन दिवसांनी ती पुन्हा पाळण्यात आली असती ना? मी म्हणाले, "आई, डॉक्टर नको म्हणालेत. जुन्या कापडानं तिच्या अंगावर पुरळ उठतंय."

पुरळ नव्हतं. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढीशी थाप. मलाही तसंच वाटलं होतं. सासूबाईंनी सईचं झबलं वर करून पाठ पाहिली. घामोळ्याचे दोन-चार ठिपके होते, त्यांना तेवढे पुरले. लहान लेकराला जुनं कापडच मऊ लागतं, हे जन्मभर मानत आलेली बाई — तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीशी बसून गोधडी उसवत होत्या. मी पाहिलं आणि सईला घेऊन आतल्या खोलीत गेले.

मग चौकोनांचं सुरू झालं. वाया कशाला घालवायचं, म्हणायच्या. खुर्च्यांच्या पायांना मोजे आले. चष्म्याला घर आलं. संजयच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डला पांघरूण, स्कूटरच्या तापलेल्या सीटवर आसन, शेजारच्या आजोबांच्या दुखऱ्या कोपराखाली उशी. रोज काहीतरी नवं डोक्यात यायचं आणि दाखवताना काय खुलायच्या! चहाच्या कपाखाली ठेवायचे दोन चौकोन मी ऑफिसात नेले. त्याच चौघींनी मागून घेतले. मला काय वाटायला हवं होतं? मला अभिमान वाटला.

सगळ्या घरात चौकोन होते. सईच्या अंगाला लागेल असा एकही नव्हता.

अजून एक आहे — आणि खरं तर हेच सांगायचं टाळत होते. सासूबाई घरात जुनी, मऊ झालेली लुगडी नेसायच्या. सईला घ्यायचं असलं की मात्र आत जाऊन कोरं करकरीत लुगडं नेसून यायच्या. मला वाटलं, नातीची हौस. महिनाभरानं उजेड पडला. जुनं कापड पोरीला लागू नये म्हणून! नऊवारी, दिवसातून तीन-तीनदा, गुडघे धरलेले असताना. सई पाळण्यात रडायची आणि आतून आवाज यायचा, "आले गं माझे बाई, आले."

कळल्यावर मी काय केलं? काही नाही. सांगितलं असतं तर त्या रागावल्या नसत्या, हसल्या असत्या. पण मला त्यांच्या घरच्या कपड्यांची लाज वाटली होती, हे त्यांना कळलं असतं. ते मला नको होतं. मी चांगली सून होते, तुम्ही कुणालाही विचारा.

सासूबाई पुढे आमच्याकडेच राहिल्या. सई नऊ वर्षांची असताना त्यांनी अंथरूण धरलं. थंडीचे दिवस होते. सई शाळेतून आली आणि त्यांची गोधडी वर करून कुशीत शिरायला लागली. मी चहा घेऊन दारात उभी होते. अंगात जोर नव्हता, तरी सासूबाईंनी गोधडीची कड घट्ट धरून ठेवली.

"नगं बाळा. तुला सोसत न्हाई. तुझं पांघरूण घिऊन ये, मंग ये."

"आजी, मला काही होत नाही गं!"

"व्हतं. तुझ्या आईला इचार."

सईनं माझ्याकडे पाहिलं. सासूबाईही पाहत होत्या, अगदी विश्वासानं.

मी म्हणाले, "तुझं पांघरूण आण, सई."